नववी मात्रा

शाळेतल्या संगीताच्या बाईंचा त्या दिवशीचा वैताग सकाळी सात वाजताच सुरू झाला, आणि वैतागाचं कारण त्यांच्याच घरात, डोक्याला रुमाल बांधून, जिन्यावरून खाली उतरत होतं. ते कारण म्हणजे त्यांची थोरली जाऊ.

"ताई, आज अकराला शाळेत यायचंय. लक्षात आहे ना?"

"आज होय? मला वाटलं उद्या."

"काल सांगितलं. परवा सांगितलं. फ्रिजवर चिठ्ठी लावली."

"फ्रिज काय कुणी वाचायला उघडतं का गं?" जाऊबाई चपलेत पाय सरकवत म्हणाल्या. "बरं, येते. पण तासाभरात सोडा मला. बाराला लॉन्ड्रीतला गरम रोलर सुरू होतो."

"आणि तो हिरवा ड्रेस घाला. इस्त्री करून ठेवलाय."

"बघू," असं म्हणून जाऊबाई गेल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ एकोणीस वर्षं एकाच घरात राहून बाईंना पक्का ठाऊक होता. हिरवा ड्रेस संध्याकाळी खुर्चीवर जसाच्या तसा सापडणार होता.

जाऊबाई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या, सव्वीस वर्षं. आणि घड्या घालता घालता गाणी करायच्या. वही नाही, पेन नाही. मधेच बंद पडणाऱ्या लिफ्टवर त्यांचं एक गाणं होतं. सासूबाईंच्या सतत हरवणाऱ्या चष्म्यावर एक होतं, आणि सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेच्या घंटेवर तर असं होतं की ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई भांडी घासायची थांबून, हात तसेच फेसात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. घरातल्या इतरांचं म्हणणं एवढंच, की छान आहे, पण नळ बंद करा. आणि खुद्द जाऊबाईंना विचारावं तर त्या म्हणायच्या, "अगं, गाणं कसलं. बडबड आहे नुसती."

या 'बडबड' शब्दाने बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्याकडे संगीतातली पदवी होती, बावीस वर्षं त्या मुलांना स्वर आणि ताल शिकवत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःला एक ओळसुद्धा सुचली नव्हती. ज्या बाईला कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सुचतं, तिनंच नाक मुरडावं म्हणजे काय! बाई नातेवाइकांना सांगून थकल्या, शिक्षकांच्या खोलीत सांगून थकल्या. सगळे ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

अशात शिक्षण समितीचं पत्र आलं. गावातल्याच गायक-गीतकारांच्या गाण्यांचा एक संग्रह निघणार होता, सगळ्या शाळांत शिकवण्यासाठी. प्रत्येक शाळेने आपल्या भागातल्या एका कलावंताची मुलांशी ओळख करून द्यायची, मुलांनी त्या कलावंताचं गाणं बसवायचं, समितीतलं कुणीतरी येऊन ऐकणार आणि रेकॉर्ड करून नेणार. एका शाळेचं एकच गाणं, एकदाच. बाईंनी पत्र वाचलं आणि त्याच मिनिटाला ठरवलं. छापील पुस्तकात गाणं आलं, खाली नाव आलं, की जाऊबाईंना 'बडबड' म्हणायची सोय राहणार नव्हती. एवढंच बाईंना हवं होतं, पण ते फार हवं होतं.

म्हणून त्यांनी चादरींचं गाणं निवडलं. जाऊबाई कपडे वाळत घालत असताना मोबाइलवर चोरून रेकॉर्ड केलं, पंधरा वेळा ऐकलं, कीबोर्डवर बसून लिहून काढलं आणि सहावीच्या अडतीस मुलांना दीड महिना घोटून घेतलं:

पांढऱ्या चादरी, पांढऱ्या चादरी,
कोण निजलं, कोण उठलं, नाव नाही कुणाचं वरी.
ती दोन टोकं तुझ्या हाताशी, ही दोन माझ्या हाताशी,
ये गं पुढे, मीही येते, घडी धरू छातीशी.

लिहून काढताना एक बारीकशी भानगड होती. सगळं गाणं आठ मात्रांचं, सरळ. पण चौथ्या ओळीत 'ये गं पुढे' म्हणून झालं, की जाऊबाई एक मात्रा जास्त घ्यायच्या. ओळ नऊ मात्रांची व्हायची आणि ताल घसरायचा. शिकलेल्या नाहीत, तिथे श्वास कमी पडत असेल, असं म्हणून बाईंनी ती मात्रा काढून टाकली. गाणं कसं चापूनचोपून बसलं. बाईंनी याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही, जाऊबाईंनाही नाही. न शिकलेल्या माणसाचं शुद्धलेखन तपासून दिलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं.

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. संगीताच्या खोलीत समितीच्या मॅडम पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर टेबलावर मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, खास पाहुण्यांसाठीचा पांढरा टेबलक्लॉथ आणि त्यावर फुलदाणी. मोठ्या बाई संगीताच्या बाईंच्या कानाशी लागून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "येणार आहेत ना नक्की?"

"निघाल्यात," बाई म्हणाल्या. त्यांनी चार फोन केले होते आणि एकही उचलला गेला नव्हता.

जाऊबाई आल्या त्या शाळेच्या मागच्या दाराने. निळा लॉन्ड्रीचा डगला, खिशाला कपड्यांच्या चिमट्यांचा गुच्छ, डोक्याला तोच रुमाल. बाईंच्या मनात तो हिरवा ड्रेस खुर्चीवरून वेडावत होता.

"पुढच्या दाराशी पाहुण्यांसाठी रांगोळीसारखी मुलं उभी केली होती ताई," बाई दात आवळून कुजबुजल्या.

"मला काय माहीत. आम्ही कुठेही मागच्याच दाराने जातो," जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि मुलं खुदकन हसली.

मग मोठ्या बाईंनी ओळख करून दिली. त्यात 'सुप्रसिद्ध' हा शब्द तीनदा आला, 'लाभल्या' दोनदा आला आणि लॉन्ड्री एकदाही आली नाही. बाईंनी स्वतः लिहून दिलेला कागद मोठ्या बाईंच्या हातात तसाच घडी केलेला होता. पाठोपाठ प्रश्नोत्तरं. प्रश्नसुद्धा मुलांना स्वतःचे विचारू दिलेले नव्हते. मोठ्या बाईंनी सुवाच्य अक्षरात कार्डं करून वाटली होती.

पहिलं कार्ड उभं राहिलं. "आपण गीतलेखनाकडे कशा वळलात?"

"वळले कुठे? चादरीचं टोक हातात असलं की वळता येत नाही."

"आपली प्रेरणा काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे," मुलगा कार्डाची मागची बाजू बघून म्हणाला, "तुम्हाला कशामुळे सुचतं?"

"कंटाळ्यामुळे."

"नवोदित कलावंतांना आपण काय संदेश द्याल?"

जाऊबाईंनी बराच विचार केला. "ओलसर चादरीची घडी घालू नका. कुबट वास येतो."

मुलं हसून बाकांवर आडवी व्हायची बाकी होती. बाईंनी मात्र कपाळाला हात लावला. घरात तासन् तास बोलणारी ही बाई, जिला नळाच्या आवाजावरही चार ओळी सुचतात, तिला नेमकं आजच असं तुकड्या-तुकड्यांत बोलायचं सुचावं! समितीच्या मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि ते चांगलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"आता आपण गाणं ऐकू या," बाई घाईघाईने म्हणाल्या.

मुलांनी गाणं म्हटलं, आणि उत्तम म्हटलं. ते खरंच छान बसलं होतं. मॅडमनी रेकॉर्डर लावला होता. गाणं संपल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "सुंदर. सोपं आहे आणि स्वच्छ आहे. अशीच गाणी हवीत आम्हाला," त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे ओढून लिहू लागल्या. बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. झालं, जमलं.

आणि तिथेच थांबायचं सोडून त्यांनीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "ताई, आता तुम्ही मुलांबरोबर एकदा म्हणा ना."

जाऊबाई उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली आणि खोलीचा रंगच पालटला. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण गुणगुणता गुणगुणता कामाला लागलेल्या माणसाचा होता, आणि मुलं आपोआप त्याच्या मागे गेली. तीन ओळी सुरळीत झाल्या. चौथ्या ओळीला मुलं पुढे निघून गेली आणि जाऊबाई मागे राहिल्या. मुलं 'मीही येते'वर पोचली तेव्हा त्यांनी नुकतं तोंड उघडलं होतं.

"परत," बाई म्हणाल्या.

परत तेच. 'ये गं पुढे', आणि जाऊबाई मागे. आता मुलांत खुसखुस सुरू झाली. स्वतःचं गाणं जिला येत नाही अशी गायिका त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार. जाऊबाईंनी डोळे उघडले. त्या ओशाळल्या होत्या.

"माझंच चुकतंय बहुतेक," त्या मुलांना म्हणाल्या. "तुमचं शिकलेलं आहे. तुमचं बरोबर."

बाईंचे कान तापले. पंधरा वेळा रेकॉर्डिंग ऐकलं होतं त्यांनी. पंधराही वेळा जाऊबाई त्याच जागी तेवढ्याच थांबल्या होत्या. जी चूक दर वेळी त्याच जागी, तेवढीच होते तिला चूक म्हणत नाहीत, हे बावीस वर्षं ताल शिकवणाऱ्या बाईला कळू नये?

शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. तो हात वर्गात सगळ्यांच्या परिचयाचा होता. त्या मुलीला शिक्षकांच्या खोलीत 'शंकासूर' म्हणत, आणि मोठ्या बाईंनी तिला मुद्दामच कार्ड दिलेलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही तिथे का थांबता?"

"मी नाही गं थांबत," जाऊबाई म्हणाल्या. "ती येईपर्यंत वाट बघते."

"कोण ती?"

आणि जाऊबाई बोलू लागल्या. घरी बोलायच्या तशा, सलग.

"आमच्याकडे चादरीची घडी दोघी मिळून घालतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. झटकायची, कोपरे जुळवायचे, आणि दोघींनी चालत मधे यायचं. माझ्या जोडीदारणीचा डावा हात कोपरातून मोडला होता आणि वाकडा जुळला. तिला कोपरा जुळवायला जरासा वेळ लागायचा. जास्त नाही. एवढासा." त्यांनी चिमटीत अंतर दाखवलं. "पण आमचा सुपरवायझर काचेआड उभा राहून बघायचा. कोण मागे पडतं, कोण मागे पडतं. मागे पडली की तळघरात पाठवायचा, मळके कपडे निवडायला. रक्ताचे, घाणीचे. तिथून बाई वर येत नाही परत."

जाऊबाईंनी डोक्याचा रुमाल सारखा केला.

"मग मी हे म्हणायला लागले. आणि त्या जागी थांबायला लागले. आम्ही सहा जोड्या होतो. बाकीच्या पाचही जोड्या माझ्याबरोबर म्हणायच्या, माझ्याबरोबर थांबायच्या. सगळ्याच थांबल्या तर मागे कोण पडलं हे कळणार कसं? बारा वर्षं त्याला कळलं नाही. उलट म्हणायचा, या बायका गात गात काम करतात, छान वाटतं."

"आणि त्या मावशी आता?" शंकासुराने विचारलं.

"आता सुटली कामातून. लेकीकडे असते. रविवारी फोन करते."

संगीताच्या बाई कीबोर्डला टेकून उभ्या होत्या. एकोणीस वर्षं एका छपराखाली राहून त्यांनी कधी विचारलं नव्हतं की ताई, तुम्ही तिथे का थांबता. सगळ्या जगाशी त्या गाण्याची बाजू घेऊन भांडल्या होत्या, आणि हातात आल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्या वाकड्या हाताच्या बाईलाच काढून टाकलं. स्वतःचा इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

"मॅडम, आपण पुन्हा रेकॉर्ड करू," त्या म्हणाल्या.

मॅडमनी फॉर्मवरून मान वर केली. "कशाला? झालंय की. मात्रा आठ, मी भरलंसुद्धा."

"आठ नाहीत. चौथ्या ओळीत नऊ आहेत."

"अहो, गोष्ट हृदयस्पर्शी आहे, मान्य. पण शिकवायचं मुलांना आहे. मधेच नऊ मात्रा आल्या तर समितीत कुणी हात लावणार नाही. हे आठवालं आज मंजूर आहे असं समजा. मला अजून दोन शाळा करायच्यात."

"बरोबर आहे त्यांचं," जाऊबाई लगेच म्हणाल्या. "राहू दे ना तेच. पोरांनी किती छान पाठ केलंय. काय फरक पडतो?"

"ताई, तुम्ही गप्प बसा!"

आपण असं ओरडू हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. मोठ्या बाईंच्या हातातला कागद खाली पडला. वर्गात या आवाजात संगीताच्या बाई फक्त दोनदाच बोलल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कुणीतरी खिडकीच्या कठड्यावर चढलेलं होतं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "ती मात्रा मी काढली. गाणं बरोबर होतं. मला वाटलं चुकलंय म्हणून मी दुरुस्त केलं."

"म्हणजे बाई, तुमचं चुकलं?" शंकासुराने खात्री करून घेतली.

"हो."

"आणि आम्ही दीड महिना चुकीचं शिकलो?"

"हो गं बाई, हो. आता बरोबर शिका."

सांगणं सोपं होतं. अडतीस मुलांच्या अंगात मुरलेल्या आठ मात्रा काही केल्या नऊ होईनात. निम्मी थांबायची, निम्मी पुढे पळायची, आणि थांबलेली पळणाऱ्यांना गप्प करायची. मॅडम पर्सची चेन उघडझाक करत होत्या. शेवटी जाऊबाईंनी टेबलापाशी जाऊन फुलदाणी उचलली, ती मोठ्या बाईंच्या हातात दिली आणि टेबलक्लॉथ ओढून काढला.

"ये, धर तिकडून," त्या बाईंना म्हणाल्या.

बाईंनी दोन टोकं धरली. जाऊबाईंनी कापड असं झटकलं की पहिल्या रांगेतल्या मुलांचे केस उडाले. गाणं सुरू झालं. 'ये गं पुढे' आलं आणि बाई तरातरा पुढे जाऊन जाऊबाईंवर आदळल्या.

"अगं, हात वाकडा आहे तुझा. लगेच कशी येशील?"

पुन्हा. पुन्हा बाई लवकर पोचल्या. मुलं हसत सुटली, आणि बाईंना मनापासून वाटलं की हे कापड डोक्यावर घेऊन इथून निघून जावं. घाई त्यांच्या हाडात होती. भाजी शिजायच्या आत झाकण काढणारी बाई ती. मुलाने वाक्य पुरं करायच्या आत उत्तर सांगून टाकायची. पाचव्या खेपेला त्यांनी डावा कोपर अंगाशी घट्ट दाबला, त्या आखडलेल्या हाताने कोपरा शोधला, आणि तो सापडेपर्यंत समोर बघितलं. समोर जाऊबाई कापड ताणून उभ्या होत्या. कसलीही घाई नसल्यासारख्या, अगदी शांत. बाई निघाल्या तेव्हा त्याही निघाल्या. त्या क्षणी बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

मुलांना ते बघून कळलं. म्हणजे बऱ्याच जणांना कळलं. मॅडमनी नाइलाजाने रेकॉर्डर लावला. चौथ्या ओळीला तीन-चार आवाज पुढे धावले, एक मुलगा "थांब की" म्हणाला आणि तेही रेकॉर्ड झालं.

"एकच पाठवता येतं," मॅडम म्हणाल्या. "पहिलं की हे? नीट विचार करा. हे परत येईल."

"हे," बाई म्हणाल्या. फॉर्मवरचा आठचा आकडा त्यांनी स्वतः खोडला, खाली सही केली, आणि मोठ्या बाईंकडे बघायचं टाळलं. जाऊबाई तोवर टेबलक्लॉथची चार पदरी घडी करून, फुलदाणी वर ठेवून, मागच्या दाराने रोलरकडे पळाल्या होत्या.

तीन आठवड्यांनी समितीचं पत्र आलं. बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अख्खा शेवटचा तास मुलांना फळ्यावरून काहीतरी उतरवून घ्यायला लावलं. घरी जाताना त्या मनाशी वाक्यं जुळवत होत्या. ताई, वाईट वाटून घेऊ नका. ताई, दुसरीकडे पाठवू. आणि त्यावर येणारं उत्तरही त्यांना आधीच ऐकू येत होतं: मी म्हटलंच होतं, बडबड आहे. ते ऐकायची आज त्यांच्यात ताकद नव्हती.

जाऊबाई कामावरून येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या, डगला अजून अंगातच. बाईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं. जाऊबाईंनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. गीत चांगले आहे. तथापि चौथ्या ओळीतील ताल सदोष असल्याने निवड करता येत नाही.

"ताई, वाईट..."

"सदोष?" जाऊबाई म्हणाल्या.

"तशी पद्धत असते हो लिहायची."

"कुणी लिहिलं हे? बघितलं का यांनी तिला घडी घालताना?" त्या उभ्या राहिल्या. "हात उशिरा यायचा तिचा, चुकायचा नाही. बारा वर्षांत एक चादर जमिनीला लागली नाही आमची. त्या काचेआडच्या माणसाला बारा वर्षं सापडली नाही ती, आणि हे कोण कुठले, कागदावर लिहून तिला पकडतात?"

"ताई, तुम्ही बसा आधी. मी पाणी..."

"पाणी नको. ऑफिस कितीपर्यंत उघडं असतं?"

"पाचपर्यंत. पण तिथे असं कुणालाही आत सोडत नाहीत, आधी वेळ घ्यावी लागते, अर्ज..."

"चल."

"आणि निदान तो डगला तरी बदला!"

पण जाऊबाई फाटकापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या, आणि बाईंना एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सासूबाईंची चप्पल घालून मागे धावावं लागलं. रस्ताभर त्या समजावत राहिल्या. शांतपणे बोला, आवाज चढवू नका, मी बोलते, तुम्ही फक्त उभ्या राहा. जाऊबाईंनी त्यातला एकही शब्द ऐकला नाही. आयुष्यात इतकी आडमुठी बाई पाहिली नाही, असं बाईंनी त्या अर्ध्या तासात किमान दहा वेळा म्हटलं असेल.

ऑफिसात टेबलामागे एक कारकून फायलींना दोरा बांधत होता. त्याने आधी निळ्या डगल्याकडे बघितलं, मग बाईंच्या पायांकडे. "कोण आपण? काय काम आहे?"

बाईंनी पुढे होऊन तोंड उघडलं. ही ओळख त्या एकोणीस वर्षं करून देत आल्या होत्या, शब्द जिभेवरच होते. जाऊबाईंनी हाताने त्यांना बाजूला सारलं आणि पत्र टेबलावर ठेवलं.

"हे गाणं माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी केलंय. यात काय चूक आहे, ते म्हणून दाखवा मला."

कारकून म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, वेळ लागेल.

"लागू दे," म्हणून जाऊबाईंनी समोरची खुर्ची ओढली. बाईंना बसायला दुसरी खुर्ची नव्हती. त्या भिंतीला टेकून, दोन वेगवेगळ्या चपलांत, उभ्या राहिल्या.